आबांचे दोन काटे

आमचे घरमालक आबा माणसांवर विश्वास ठेवत नसत. घामावर तर नाहीच. जळगावच्या मे महिन्यात गल्लीतली कुत्री आळीपाळीने एकमेकांच्या सावलीत बसत, गच्चीवर वाळत घातलेला पापड थेट भाजूनच खाली येई, तेव्हाही कुणी "उकडतंय" म्हणालं की आबा विचारत, "काटा काय म्हणतो?"

सारी हयात पाइपांच्या कारखान्यात यंत्रांचं तापमान सांभाळण्यात गेलेली. निवृत्त होताना मोडीतले दोन काट्यांचे थर्मोस्टॅट त्यांनी असे उराशी धरून आणले, की गल्लीला वाटलं, म्हातारपणी जुळं झालं. घराच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. त्यांवर पाणी सोडणाऱ्या पंपाला आबांनी हे दोन्ही जोडले. एक बाहेर, उन्हाच्या भिंतीवर. दुसरा आत, स्वतःच्या खोलीत. वीज आधी एकातून जायची, मग दुसऱ्यातून. बाहेर बेचाळीस आणि आत चौतीस अंश, दोन्ही भरले तरच पंप चालू. एकाने जरी नाही म्हटलं, तरी पडदे कोरडे.

"नळाचा भरवसा नाही," आबा म्हणत. "कुणाला लहर आली म्हणून पाणी सांडायचं नाही. दोघांचं एकमत पाहिजे."

बाहेरचा बिचारा सकाळीच हो म्हणून मोकळा होई. अडायचं ते आतल्यापाशी. आबांची खोली उत्तरेची, भिंती अशा जाड की उन्हाळा आत शिरेपर्यंत पावसाळा लागे. त्यांच्या बायकोचं, अक्कांचं स्वयंपाकघर पश्चिमेला, वर पत्रा, खाली स्टोव्ह. तिथं पीठ मळलं की भाकरी परातीतच फुगायची!

अक्का पदर पिळत दारात येत. "तुमना काटाले कधी घाम येस का?"

"तुला उकडत नाही," आबा न वळता सांगत. "उकडतंय असं वाटतं."

"मंग मी मरानं तेबी काटाले इचारीसन का?"

मी वरच्या खोलीतला भाडेकरू. एकदा सुचवलं, आतला थर्मोस्टॅट स्वयंपाकघरात लावू. देव मोरीत मांडायला सांगितल्यासारखं आबांनी माझ्याकडे पाहिलं. "स्टोव्हजवळचा काटा खोटं बोलतो. तिथं स्टोव्ह तापतो, घर नाही." आणि पंपाला साधं बटण? "बटण ठेवलं की घरचे लबाडी करतात." लबाडीचा संशय त्यांना इतका, की थर्मोस्टॅटच्या दोन्ही चकत्या ठरलेल्या अंशांवर लावून त्यांनी वर लाख ओतली होती.

त्या दुपारी अक्का बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीचं पीठ शिजवत होत्या. पातेलं पडल्याचा आवाज आला. मी खाली धावलो, तर अक्का जमिनीवर. अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. मी हंडा त्यांच्यावर उपडा केला आणि ओरडलो, "आबा, पंप!"

आबा काट्यासमोर उभे होते. काटा चौतिसाच्या जरा अलीकडे. त्यांनी चकती फिरवायला घेतली, लाख हलेना. नखं तुटली, बोटातून रक्त आलं, लाख तशीच. काम पक्कं करायची सवय होती ना! शेवटी त्यांनी थर्मोस्टॅटच्या नळीच्या टोकाचं, उष्णता जोखणारं तांब्याचं बोंड मुठीत आवळलं आणि त्यावर तोंडाने वाफ सोडू लागले. काटा चढला. टक् झालं. पंप घुरघुरला, पडदे भिजले आणि वाळ्याचा गार वास घरभर पसरला. त्या घरात इतकं गार मी कधीच अनुभवलं नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी अक्कांचा हात धरला आणि हळूच खाली ठेवला.

उन्हं कलल्यावर माणसं जमली, बांबू आले, तयारी झाली. आबा दिसेनात. मी त्यांच्या खोलीत गेलो. ते तसेच उभे, बोंडावर मूठ आवळलेली.

"आबा, सोडा आता. अक्का निघाल्या."

त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही.

"थांब रे," म्हणाले, "काटा उतरी जाई."