जांभळाभोवतीचं कुंपण

लोहाऱ्याच्या कांताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. अंगणवाडीला खोली मिळेपर्यंत वस्तीतली लेकरं त्यांच्याच अंगणातल्या जांभळाखाली बसायची. त्यांचा मुलगा अश्वजितही तिथंच अक्षरं गिरवायला शिकला आणि पुढे यवतमाळला बँकेत लागला.

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा कांताबाईंनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली.

"जांभळाले हात नको लावजो."

"नाही लावत माय. तुही शपथ."

तरी त्यांनी फांद्यांची सावली पडते तिथवर बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण घालून घेतलं. आत विटा रचायच्या नाहीत, सिमेंट कालवायचं नाही, असं हरिसिंग मिस्त्रीला बजावलं. कामावरच्या बायांनी आत चूल मांडली, तर त्यांनाही उठवलं. मग स्वतःच त्यांना चहा करून दिला.

दिवाळीनंतर कळंबला मुलीचं, दीपमालाचं, बाळंतपण आलं. कांताबाईंचा पाय निघेना. अश्वजितच म्हणाला, "तू जाय बिनधास्त. मी हाओ न इथं." त्या गेल्या. रोज फोनवर झाडाचं विचारायच्या. "जसंच्या तसं हाय," तो सांगायचा.

परत आल्या तेव्हा कुंपण जागेवर होतं, झाडही उभं होतं. पण उन्हाळ्यात जांभळाला बहर आला नाही. शेंड्याकडून पानं वाळत खाली आली. कांताबाई बादल्या भरभरून पाणी घालत राहिल्या. शेवटी एक दिवस फरशी बसवायला आलेल्या हरिसिंगला त्यांनी अडवलं.

"खरं सांग, काय केलं झाडाले?"

मिस्त्रीनं हातातली थापी खाली ठेवली. "बाई, तुम्ही कळंबले गेलत्या न, तवा जेसीबीनं मुळ्या तोडल्या. वरून माती सारखी करून कुंपण पुन्हा लावलं. साहेबच म्हणे, कापलं तं माय बोलन, आपोआप वाळू द्या. तिथं गाडी ठेवाची हाय, जांभळं पडून फरशी डागते म्हणे."

संध्याकाळी अश्वजित घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काहून केलं असं?"

"मी कापलं का माय? उभं हाय न."

"म्हणून मले कळंबले धाडाची घाई होती तुले."



नव्या घरात बुद्धवंदनेला वस्तीतली माणसं जमली. पांढरी साडी नेसून कांताबाई पुढे बसल्या, सगळ्यांसोबत त्रिशरण म्हटलं, खीर वाढली. कुणीतरी वाळलेल्या जांभळाचं विचारलं. "रोग पडला," अश्वजित म्हणाला.

कांताबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "रोग नाही पडला. यानं मुळ्या तोडल्या. अन् मले खोटं सांगतलं."

अश्वजित कितीतरी दिवस आईशी बोलला नाही. पावसाळ्याआधी झाड कापलं गेलं, तिथं गाडी उभी राहू लागली. आता मायलेक बोलतात. पण अश्वजितनं काही सांगितलं की कांताबाई ऐकून घेतात, आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला, रुपालीला, हळूच विचारतात, "खरं हाय का हे?"