सरकीची अक्षरं

माझी धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. साठ सालच्या आसपास नेरजवळच्या आमच्या खेड्यात तिच्यासाठी वेगळी शाळा कुठून असणार? मी शाळेत निघाले की तीही माझा परकर धरून मागे यायची. गुरुजींनी तिला कधी हाकललं नाही, पण पटावर नाव घालेनात. मायला त्यांनी स्पष्टच सांगितलं, "तपासणीले साहेब येतीन. पोरीले वाचता आलं तर नाव लागन, नाही तर घरी बसवा म्हणतीन."

पण सांगून मोकळं होणाऱ्यांतले ते नव्हते. कापसातली सरकी खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी एकेक अक्षर केलं. बहीण त्यावरून बोटं फिरवायची आणि ओळखायची. मला तर हेवाच वाटायचा. माझ्या पाटीचे असे लाड कोणी केले होते?

गोठ्यात कोणी त्रास द्यायचं नाही, म्हणून ती तिथंच बसून घोकायची. पुठ्ठेही तिथल्याच टोपल्यात. तपासणीच्या आदल्या दिवशी म्हैस व्याली. आणि सरकी दिसली की भिजवून व्यालेल्या म्हशीपुढं ठेवायची, हे मायच्या हाडीमासी मुरलेलं. आम्ही घरी आलो तेव्हा टोपल्यात नुसते ओले पुठ्ठे उरले होते.

"गोठ्यात कायले ठेवली होती मंग?" माय उलट आमच्यावरच खेकसली. मग चुलीपुढं बसून पदरात तोंड खुपसून रडली. मलाही रडू आलं. बहीण तेवढी ओल्या पुठ्ठ्यांवरून बोटं फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी माय पदरात सरकी बांधून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी झालं ते सांगितलं. साहेबांना हसू आवरेना. म्हणाले, "म्हैस पास झाली म्हणा. पण पोरीचं काय?"

"माय, सरकी दे," बहीण म्हणाली.

ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली आणि चाचपडत एकेक सरकी मांडत गेली. साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांनी काही न विचारता पट मागवला.

मायला अक्षर कुठं येत होतं? "काय लिवलं वं?" तिनं हळूच विचारलं. बहिणीनं तिचं बोट धरून सरकीवरून फिरवलं. "हे तू. माय."

मायनं ती सरकी वेचून पुन्हा पदरात बांधली. म्हशीला मात्र तिनं त्यातली एकही घातली नाही.