वडीगोद्रीला कंप्युटर येणार होता

आमच्या पंक्चरच्या दुकानावर हवा फुकट आणि गप्पाही फुकट. हवा निघून जाते, गप्पा मात्र साठत राहतात! त्यातले कंप्युटरचे किस्से सांगताना मला पुरतं हसू येत नाही.

*

दुकान थोरल्या भावाचं. सडकेपलीकडे शाळा. मी तेव्हा सातवीत होतो. दुपारच्या सुट्टीत आमचे गुरुजी दुकानावर येऊन पेपर मोठ्यानं वाचायचे.

एकदा त्यांनी वाचलं, "परदेशात पोरांना आता कंप्युटर शिकवतो."

हवा भरायला आलेले रंगनाथकाका दचकले. "कंपौंडर? मंग गुरुजी, तुम्ही काय सुया टोचणार?"

*

ते मशीन आहे, आज ना उद्या आपल्या शाळेतही येईल, असं गुरुजींनी गावभर समजावलं. मंग शेवंतामावशी विचारायला आली, "त्यो मारतो का?"

"न्हाई, मावशी."

"मंग आमचं पोरगं त्याच्याकडून बिलकुल शिकणार न्हाई!"

*

ट्रक ड्रायव्हर हुसेनचाचांचा हिशोब सरळ होता. "मशीनला सगळं येतं ना? मंग परीक्षेलाबी त्यालाच बसवा. पोरांना कशाला तरास!"

*

या सगळ्यांना मी हसलो. सर्वांत मोठी चूक माझीच निघाली.

फळ्यापुढे उभं राहिलं की मी चुकायचो आणि पोरं हसायची. वाटलं, मशीनपुढे कसली लाज? ते आलं की जल्दी सगळं शिकून घेऊ. पुस्तकं पोत्यात बांधली आणि दुकानावर बसलो.

गुरुजी बोलवायला आले. "दत्ता, शाळा सोडून काय करून राह्यला?"

"कंप्युटर आल्यावर येतो, गुरुजी."

"वर्षभर शिकवलं, त्यातलं तेवढंच ध्यानात राह्यलं व्हय रे?"

*

तरी त्यांनी माझं नाव पटावरून काढलं नाही. रोज हजेरीला पुकारायचे. सडकेअलीकडे ऐकू यायचं. मी मान खाली घालून ट्यूब घासत राहायचो.

मंग गुरुजींची बदली झाली. शेवटच्या दिवशी मी ठरवलंच. आज बोलायचं.

"दत्ता रामभाऊ!"

पंप हातात धरूनच उभा राहिलो. होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "हजर!"

नेमका तेव्हाच शहागडकडून एक ट्रक हॉर्न दाबत आला आणि धूळ उडवत गेला.

आवाज विरला तेव्हा वर्गातली पोरं एका सुरात ओरडत होती, "गैरहजर, गुरुजी!"