अजून चालणारे पट्टे

निवृत्तीनंतर एखादा छंद लावून घ्या, असा सल्ला हेडक्लार्कना सगळ्यांनीच दिला होता. सुऱ्या बनवा, असं मात्र कोणीही म्हणालं नव्हतं. ते त्यांच्याच सुपीक डोक्यातून निघालेलं. आयुष्यभर विम्याच्या कार्यालयात कागद इकडचे तिकडे केल्यावर हाताने काहीतरी खरंखुरं घडवावं, असं त्यांना वाटू लागलं, आणि एकदा काही वाटलं की ते कोणाचं ऐकत नसत. मागची सायकलींची शेड रिकामी झाली, तिथे पट्ट्याचं ग्राइंडर आलं, आणि बायकोच्या मते घरात खाणारं आणखी एक तोंड वाढलं.

हे तोंड खायचं ते पट्टे. जाड कापडावर खरखरीत दाणे चिकटवलेला पट्टा चाकांवरून गरगर फिरतो आणि त्यावर टेकवलेलं पोलाद झिजतं. लहान नंबरचा जाड दाणा आकार काढायला, मोठ्या नंबरचा बारीक दाणा चकाकी आणायला. हे ज्ञान मिळाल्यापासून हेडक्लार्क स्वतःला पट्टे निवडण्यातले तज्ज्ञ समजत. दुकानात गेले की छत्तीस, एकशेवीस, चारशे असे नंबर इतक्या गंभीरपणे उच्चारत की दुकानदारही गडबडून सरळ उभा राहायचा.

घरी मात्र निवड वेगळ्याच पद्धतीने होई. शेडच्या भिंतीवर दोन खिळे होते, एक संपलेल्या पट्ट्यांसाठी आणि एक 'अजून चालतील' अशा पट्ट्यांसाठी. पहिला खिळा कायम रिकामा. वापरलेल्या पट्ट्यावरून हेडक्लार्क अंगठा फिरवत, डोळे मिटत, आणि नाडी पाहणाऱ्या डॉक्टरच्या थाटात म्हणत, "आहे, जीव आहे." नवे, महागाचे केशरी पट्टे पाहुण्यांच्या कपबश्यांसारखे कपाटात बंद होते. ते चांगल्या कामासाठी. चांगलं काम अजून उगवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्यांची पहिली सुरी बायको डब्यांची झाकणं उचकटायला वापरायची आणि दुसरीने कुंडीतली माती उकरायची. वर "चांगली आहे हो" असंही म्हणायची, आणि ते त्यांना जास्त लागायचं.

मग बायकोचा अंगठा दुखायला लागला. सांधा झिजलाय, असं डॉक्टर म्हणाले. जोर लावायचा नाही, आराम पडला तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया. भाजी चिरायचं काम हेडक्लार्ककडे आलं. ते कांदा असा चिरत की जणू त्याच्याशी जुनं भांडण असावं. बायको शेजारी स्टुलावर बसून बघत राही.  एकदा ती एवढंच म्हणाली, "मला माझ्या हाताने चिरायचंय हो. बाकी काही नको."

हेडक्लार्कच्या आयुष्यात चांगलं काम आलं ते हे. जोर न लावता चालेल अशी पातळ, हलकी सुरी. पोलाद आणलं, आकार काढला, पातं तापवून, पाणी देऊन कडक केलं. आता फक्त धारेकडची बाजू पातळ करायची होती. पाणी दिलेलं पातं पुन्हा फार तापलं तर मऊ पडतं, म्हणून इथे करकरीत नवा पट्टाच हवा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता घासतो आणि पातं तापवतो. हे सगळं हेडक्लार्कना पाठ होतं. पण एवढ्याशा पात्यासाठी अख्खा नवा पट्टा? त्यांचा हात आपोआप खिळ्याकडे गेला. वर 'जरा दाबून धरलं की होईल' असा स्वतःलाच धीरही दिला.

दाबून धरलं, आणि झालं. टोकाकडच्या धारेवर बोटभर निळी झाक उमटली. निळी झाक म्हणजे तेवढा भाग मऊ पडला, तिथली धार फार दिवस टिकणार नाही. हेडक्लार्कनी इकडेतिकडे पाहिलं, चारशे नंबरचा पट्टा चढवला आणि ती झाक पुसून टाकली. पातं असं चकाकलं की त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. ते त्यांनी फार वेळ पाहिलं नाही.

बायकोने त्या सुरीने काकडी चिरली, मग टोमॅटो, मग नको असताना आणखी एक टोमॅटो. चकत्या इतक्या पातळ की ती स्वतःच त्या उचलून उजेडात धरून बघत बसली. फोनवर लेकीला म्हणाली, "तुझ्या बाबांनी केलीय." हेडक्लार्क दोन दिवस घरभर हवेत चालत होते.

आठवडा सरला नसेल. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर चेंगरलेला टोमॅटो, आणि बायको अंगठा मुठीत धरून उभी.

"डॉक्टरांची वेळ घ्या," ती म्हणाली. "काल जरा जोर लावावा लागला. आज तर साधी सालही तुटेना. हात गेला माझा बहुतेक. आता शस्त्रक्रियाच सांगतील."

हेडक्लार्कनी सुरी उचलली. मुठीकडच्या धारेने टोमॅटो अलगद कापला गेला. टोकाकडच्या धारेने दबला, फुटला, रस ओट्यावरून खाली गळला.  ही बाई कालपासून स्वतःच्या हाताला दोष देत होती, आणि आपण चकाकी बघत होतो. लाज वाटली, आणि भीतीही.

"हात ठीक आहे तुझा," ते म्हणाले. "पातं भिकार आहे. झिजक्या पट्ट्यावर घासलं मी. निळं पडलं, ते लपवलं. ही सुरी काही कामाची नाही."

 आता ती काय बोलणार आणि किती वेळ बोलणार, याची त्यांनी मनाची तयारी केली.

"काहीच कामाची नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"नक्की ना?"

"अगं, मीच केलीय ना. नक्की."

तिने मूठ उघडली, अंगठा हळूच पुढे-मागे हलवून पाहिला, आणि तिथेच स्टुलावर बसून पदराने डोळे पुसत हसायला लागली. आपल्या हातची वस्तू टाकाऊ ठरल्याचा एवढा आनंद हेडक्लार्कना जन्मात कधी झाला नव्हता.