दाट ग्लिसरीनला चालेल अशी डबी

२०२४ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि पायाची दहाही बोटं जागेवर होती.

डाव्या पायाचा अंगठा मात्र निळा पडायला लागला होता. चाललो की पोटरी आवळून यायची, थांबलो की सुटायची. मी म्हणायचो, वय झालं. मुलगा म्हणाला, दाखवून घेऊ. आखातातल्या अल ऐनच्या इस्पितळात हिंदी बोलणारी एक डॉक्टरीणबाई होती. तिने पायाच्या नसेत तार घालून अडकलेली जागा मोकळी केली, आत जाळीची नळी बसवली आणि मला सरळ विचारलं, "अंकल, सिगरेट चाहिए या पैर?"

"पैर."

"तो आज से बंद. नहीं तो ये नस फिर बंद होगी, फिर काटना पड़ेगा."

काटना कळायला शाळा लागत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. आकडे येतात, मराठी वाचता-लिहिता येतं, इंग्रजीचं नाव नको.

परत येताना गाडीत मुलाला सांगितलं, "सिगरेट खलास. बिडी नाही, तंबाखू नाही. शब्द दिला."

मुलगा इथेच वाढला. म्हणाला, "बाबा, प्रॉमिस वगैरे नको. जस्ट स्टॉप करा."

मला ते लागलं. सनैयात, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीत, मी चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडले. मी 'झाली' म्हटलं की अरबी गिऱ्हाईक बॉनेट न उघडता गाडी घेऊन जायचं. आणि पोटचं पोर म्हणतं, प्रॉमिस नको.

शब्द मी पाळला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते कोणाला पटत नाही.

पण सिगरेट सुटली तरी हाताला कोण सांगणार? चहा झाला की हात खिशात जायचा आणि रिकामा परत यायचा. सूनबाईने च्युइंगगम आणून दिलं, ते कवळीला चिकटलं. मी बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायला लागलो. टीव्हीचा आवाज, लिफ्टचा दरवाजा, भाजीतलं मीठ. बायको असती तर दोन शब्द सुनावून तिने मला गप्प केलं असतं. ती गेल्यावर मुलाने मला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, आणि या घरात मला गप्प करायची कोणाची छाती नव्हती. सगळे लांबून जायचे.

आमच्या न्हाव्याच्या शेजारी वेपचं दुकान होतं. काचेआड रंगीत डब्या, आणि काउंटरवर एक मल्याळी माणूस ढगासारखी वाफ सोडत बसलेला. एक दिवस आत शिरलो.

"इसमें तंबाकू है?"

"नहीं चाचा, तंबाकू नहीं."

"धुआँ?"

"धुआँ नहीं. भाप है, भाप."

मला एवढंच हवं होतं. त्याने पेनाएवढी एक कांडी दिली, त्यात पातळ रस भरला. दोन झुरक्यांत माझा घसा सुजल्यासारखा झाला. खोकलो तो एवढा, की न्हावी कात्री घेऊन दारात आला.

दुसऱ्या दिवशी कांडी त्याच्यासमोर टाकली. तो म्हणाला, पातळ रस काहींच्या घशाला सोसत नाही. तुम्हाला दाट घ्यावा लागेल, ज्यात ग्लिसरीन जास्त असतं.

ग्लिसरीन! लहानपणी तोंड आलं की आई बोटाला ग्लिसरीन लावून गालाच्या आतून फिरवायची. गोडसर लागायचं आणि आग शांत व्हायची. पुढे गॅरेजात रबराच्या सीलला आम्ही तेच चोपडायचो, रबर फाटत नाही. तोंडाला चालतं, रबराला चालतं, असली चीज माणसाचं काय वाकडं करणार?

त्याने दाट रसाची बाटली काढली. "चाचा, नंबर कौनसा? ज़ीरो, तीन, छह, बारह?"

"ज़ीरो नंबर का भी तेल होता है क्या? तीन दे."

"चाचा, ये नंबर का मतलब..."

"नंबर मुझे मत सिखा. चालीस साल तेल में हाथ डाला है."

तो हसला. "ओके चाचा. आप उस्ताद."

आमच्या धंद्यात नंबर म्हणजे दाटपणा. चाळीस नंबर इंजिनात, नव्वद नंबर गिअरबॉक्समध्ये. नंबर मोठा, तेल जाड. डबा बघून सांगतो तो कच्चा. चिमटीत घेऊन सांगतो तो मेकॅनिक. आणि दोन तेलांत जाड कोणतं याची शंका आली, तर पत्र्यावर दोन थेंब शेजारी-शेजारी टाकायचे आणि पत्रा तिरका धरायचा. जे मागे राहतं ते जाड. घरी आल्यावर बाथरूममध्ये स्टीलच्या ताटलीवर मी कांडीतल्या पातळ आणि बाटलीतल्या दाट रसाचे थेंब टाकून पाहिले. पातळ धावत सुटला, दाट वाटेत रेंगाळला. मल्याळी खोटं बोलत नव्हता.

पण त्या कांडीत दाट रस चालेना. तिसऱ्या झुरक्याला जळक्या चिंधीची चव आली. कांडी खोलली. आत तारेचं इवलंसं वेटोळं, त्याला ते कॉइल म्हणतात, आणि त्याभोवती कापूस. कापसापर्यंत रस जायला सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यातून दाट रस जाणार कसा? कापूस कोरडा, तार तापलेली, मग जळणारच. वर घरात एसी अठरावर. थंडीने रस आणखी घट्ट.

मल्याळ्याने मग टॉर्चएवढं एक धूड दाखवलं. त्याची भोकं मोठी होती, रस झकास ओढायचं. पण खिशात मावेना, आणि एका झुरक्यात एवढी वाफ, की कोणीतरी डास मारायचा फवारा सोडला असं वाटावं. मला ती जत्रा नको होती. मला शर्टाच्या खिशात बसेल, गाडीत दोन झुरके घेता येतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही असं काहीतरी हवं होतं.

लपवायचं कशाला, असं कोणी विचारेल. मुलाला धूर आणि वाफ यातला फरक समजावत बसलो असतो, तर त्याने मोबाइल काढून मलाच दहा गोष्टी वाचून दाखवल्या असत्या. माझ्या शब्दाचा हिशेब मी त्याला का द्यावा?

तर मी त्या दुकानात खुर्ची ओढून बसलो आणि डब्या एकेक करून खोलायला लावल्या. मल्याळी वैतागला. "यल्ला चाचा, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?"

"लड़की तो बिना देखे की थी. ये देखके लूँगा."

शेवटी एक सापडली. काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी, वजनाला भक्कम. कॉइलला चांगली रुंद भोकं, कापूस भरपूर. रस वरून भरायचा, त्यावर रबराचं बूच घट्ट बसतं. बाजूला हवेची खाच, ती बोटाने कमी-जास्त करता येते. रस भरला की घाई करायची नाही. चहा निवेपर्यंत डबी उभी ठेवायची, कापूस भिजू द्यायचा, मगच ओढायची. नव्या गिअरबॉक्सला तेल मुरू देतात तसं. मल्याळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "चाचा से पूछो, चाचा को सब मालूम है." मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी कोणी मला काही विचारत होतं.

डबी मी माझ्या जुन्या गाडीत, पुढच्या खणात ठेवायचो. जून आला. अल ऐनच्या उन्हात उभ्या गाडीत हात घातला तर स्टिअरिंग चटका देतं. ग्लिसरीन पाण्यासारखं झालं. खण चिकट, डबी चिकट, खिशाला डाग. आता उन्हाळ्यात तेल जाड घालायचं हे सनैयातलं शेंबडं पोरही सांगेल.

"छह दे," मी म्हटलं.

"छह? स्ट्राँग होगा चाचा."

"स्ट्राँग ही चाहिए."

तरी थोडं गळायचं. ऑगस्टमध्ये मी बारा घेतला. पुढे गळणं थांबलं. तेव्हा नोव्हेंबर लागला होता, हवा गार झाली होती, पण यश मी बाराला दिलं. आणि बारा नंबर अंगाला मानवला, हेही खरं. दोन झुरक्यांत छाती भरून यायची, डोकं शांत व्हायचं. घरात माझं खेकसणं बंद झालं. सूनबाई म्हणाली, "बाबा आता छान रुळले." नात मांडीजवळ येऊन बसायला लागली. एकदा हुंगून म्हणाली, "आजोबा, व्हाय डू यू स्मेल लाइक मँगो?"

"हापूस खाल्ला."

"इन नोव्हेंबर?"

मी तिला गुदगुल्या केल्या. ती हसत पळाली.

पण अंगठा निळ्याचा काळा झाला. शेजारचं बोटही. बसल्या जागी पाय ठणकायला लागला, आणि उशी घालून वर ठेवला की जास्तच. मी पायमोजा घालून बसायचो. सूनबाईने एकदा धुवायला पायमोजे मागितले, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. त्या ओरडण्यावरूनच मुलाला संशय आला. त्याने मला धरून बसवलं, मोजा ओढून काढला, आणि गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टरीणबाईने पाय पाहिला, तपासण्या केल्या, रक्त घेतलं. रिपोर्ट आले तेव्हा ती आधी मुलाशी इंग्रजीत बोलली. शब्द कळले नाहीत, सूर कळला. मुलाने माझ्याकडे पाहिलं. तसं त्याने मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही सिगरेट ओढताय."

"नाही."

"ब्लडमध्ये निकोटीन आलंय, बाबा. प्लीज."

"मी शब्द दिलाय!"

"म्हणून तर म्हटलं होतं, प्रॉमिस देऊ नका!"

मी उभा राहिलो. पायातून कळ गेली तरी उभा राहिलो. चाळीस वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. खिशातून डबी काढली, बाटली काढली आणि टेबलावर आपटली. "हे घ्या! ये भाप है मॅडम. तंबाकू नहीं, धुआँ नहीं. ग्लिसरीन है, ग्लिसरीन. दवा!"

डॉक्टरीणबाईने बाटली उचलली, फिरवून पाहिली आणि मुलाच्या हातात दिली. मुलगा वाचत राहिला. एवढीशी बाटली, पण त्याला वाचायला फार वेळ लागला.

"बाबा, हे बारा काय आहे माहितीये?"

"दाटपणा. नंबर आहे तो."

"निकोटीन आहे ते."

"तुला तेलातलं काय कळतं रे?"

"बाबा," तो हळू म्हणाला, "हे तेल नाहीये."

डॉक्टरीणबाई माझ्याशी हिंदीत बोलली, समजेल असं. निकोटीनने नस आकसते. सिगरेटमधून जावो की वाफेतून, आकसतेच. मी विचारलं, मग यानेच झालं का सगळं? ती म्हणाली, असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, तुम्हाला साखर आहे, वय आहे, पण नसेला मिळायला हवी होती ती मोकळीक मिळाली नाही. नळी आतून आवळली की पुढचा भाग उपाशी मरतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी गाड्यांचे असे रबरी होज कितीतरी कापून फेकले होते.

दोन बोटं काढावी लागतील, ती म्हणाली. उघडल्यावर कदाचित पावलाचा पुढचा भागही. उद्या दुपारी.

परत येताना मुलगा गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तुम्ही विचारलं का नाही, बाबा? मला. त्या दुकानदाराला. एनीबडी."

तो मल्याळी सांगत होता, मीच त्याला गप्प केला, हे मी बोललो नाही. "शब्द पाळलाय मी," एवढंच म्हटलं.

"हो बाबा," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि गाडी पुढे काढली. त्या 'हो'चं मी काय करू, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे इस्पितळाची पिशवी भरत होते. मी भिंतीला धरून खाली उतरलो, गाडीच्या खणातून तीनच्या आणि सहाच्या जुन्या बाटल्या काढून आणल्या. तळाला थोडाथोडा रस होता. बाराची मुलाने घरी आणून टेबलावर ठेवली होती. बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, स्टीलची ताटली घेतली आणि तीन थेंब शेजारी-शेजारी टाकले. तीन, सहा, बारा. ताटली तिरकी धरली.

तिन्ही थेंब एकदमच हलले. एकाच चालीने खाली आले आणि बरोबरच काठाला लागले.

मी पुन्हा टाकले. पुन्हा तसंच. मग चिमटीत घेतले, एकेक. चिमटीनेही तेच सांगितलं.

ताटली साबणाने धुतली, पुसून जागेवर ठेवली. उजव्या पायात बूट घातला, डाव्याला सपात, आणि मुलाला हाक मारली, "चल, निघू या."