बंद मिक्सरचा आवाज

बुधाच्या काँक्रीट ओतणाऱ्या टोळीने सुरू केलेला स्लॅब त्याच दिवशी पुरा व्हायचा. अठरा वर्षांत एकही अर्धा राहिला नाही. पनवेल ते कामोठे, बिल्डर त्याच्यासाठी तारीख पुढे ढकलत. मुकादम असून तो स्वतः घमेली झेलायचा आणि जेवणाच्या सुट्टीतही बसत नसे. मुकादम बसला की टोळी बसते, हे त्याचं म्हणणं.

होळीला वाडीवर सगळे अंगणात बसले असताना त्याने विचारलं, काँक्रीटचा मिक्सर कोणी चालू केला? वाडीवर मिक्सर नव्हताच. लोक हसले, तोही हसला. पण घरघर थांबली नाही. जेवताना, अंघोळीला, कोणी बोलत असताना ती मागे चालूच. कालवणाला चव लागेना. त्याने कोणाला सांगितलं नाही. काम मात्र वाढवलं. कामावर निदान तो आवाज खरा असे.

विचुंब्याला तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. दुपारी घमेली भराभर येऊ लागली. हलकी येत होती. बुधा घ्यायचा, वळायचा, ओतायचा. खालून हसू ऐकू आलं. काम चालू असताना हसतात कशाला, याचा त्याला राग आला. टोळीतला मिथुन ओरडत होता, मुकादमाने भुतं लावली कामाला, त्यांना जेवण लागत नाही.

तेवढ्यात त्याची बायको साळू शिडीवरून वर आली. तीही टोळीतच होती, पण तिच्या डोक्यावर घमेलं नव्हतं. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"मिक्सर बंद हाय. सगली जेवतान."

त्याने पाहिलं. घमेली देणाऱ्यांची रांग नव्हती. हात कोरडे होते. टाच स्लॅबच्या कडेवर होती.

चार तासांचं काम उरलंय, पुरं करतो, असं तो म्हणाला. साळू हलली नाही.

"पडलात तर टोली तुमाला उचलंल. स्लॅब तसाच राहील. सांधा द्या न् उतरा."

काम मध्येच थांबवायचं तर पुढच्या भरणीसाठी सांधा कुठे सोडायचा, हे त्यानेच टोळीला शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली नव्हती. त्याने दोन तुळयांमधल्या गाळ्याच्या मधल्या भागात फळी उभी ठोकली, मिथुनकडून तिथपर्यंत भरून घेतलं आणि उतरला.

पनवेलच्या डॉक्टरने कान तपासले. कान ठीक होते. शेवटची सुट्टी कधी घेतली, असं विचारलं. बुधाला आठवली ती मुलीच्या लग्नाची, तीही अर्धा दिवस. डॉक्टरने महिनाभर घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी मिथुनने सांधा खरवडला, धुतला, त्यावर सिमेंटचं पाणी ओतलं आणि उरलेला स्लॅब पुरा केला. आठवड्याने बुधा बघायला गेला. स्लॅब पक्का व्हायला वर पाणी साठवलेलं होतं. खालून शिडीवर चढून त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. ओल नव्हती. स्लॅब त्याच्याशिवाय नीट पुरा झाला होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आता तो पुन्हा कामावर आहे. जेवणाची सुट्टी झाली की आधी साळूकडे बघतो.

"चालू हाय?"

"बंद हाय," ती म्हणते.

मग तो बसतो.