सादांगची म्हण आणि मावशीचं सासर

आमच्या बेटांवर कुणी कुणाला तोंडावर आळशी म्हणत नाही. अमुक गावच्या अमुक पक्ष्यासारखा आहेस, एवढं म्हटलं की पुरे. ऐकणारा घरी जातो, विचार करतो आणि मग चिडतो! या कलेत आमचा सादांग पट्टीचा. धंदा होड्या दुरुस्तीचा, पण रंध्यापेक्षा जीभच जास्त चालायची.

त्याचा मामा, गावच्या मानकऱ्यांपैकी एक, वारला. आमच्यात मामाचा मान भाच्याकडे जातो. कोणत्या भाच्याकडे, ते घराण्यातल्या थोरल्या बायका ठरवतात. सादांगला तो मान हवा होता. इतका, की मिळण्याआधीच गडी मानकऱ्यासारखा सावकाश चालू लागला. दुसरा भाचा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ तेलेई. त्याला बोलायचं म्हणजे कष्ट.

एका दुपारी बायका पारख करायला सादांगकडे जेवायला आल्या. अळूचे कंद उकडलेले, मासे भाजलेले. पण सगळ्यांत थोरली तुरांगमावशी येईना. आली तेव्हा मासे गार. सादांगला राहवलं नाही.

"या मावशी! न्गेरदोबच्या कोळ्यासारखं झालं. जाळं विणून होईतो ओहोटी लागली!"

म्हणजे तयारीतच वेळ घालवणारा. मी शेजारीच जेवायला बसलो होतो; त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर म्हण तोंडातून सुटली होती. अहो, मावशीचं सासरच न्गेरदोब, आणि नवरा कोळी! म्हण काढण्याआधी बसलेल्यांची गावं आठवावीत, हे आमची पोरंसुद्धा जाणतात.

मावशी बसली, एक घास खाल्ला. "टोळ माशासारखं आहे रे बाळा तुझं. प्रवाळात अंग लपवतो, लांब चोच बाहेरच राहते."

बायका अशा हसल्या की परसातल्या कोंबड्या उडाल्या. मान तेलेईला गेला.

सादांग होडीखाली शिरून बसला. तिथे मावशी गेली. "बाहेर ये. सभेत मानकरी मोठ्याने बोलत नाहीत, निरोप्याच्या कानात कुजबुजतात, तो ते दुसऱ्या मानकऱ्याच्या कानात पोचवतो. तेलेईचा निरोप्या तू."

"म्हणजे बोलणं त्याचं, आणि मी नुसता कुजबुजू?"

"जमेल?"

"प्रयत्न करतो, मावशी."

पहिल्याच सभेत तेलेई त्याच्या कानात कुजबुजला, "होड्यांचा धक्का दुरुस्त करा." सादांग समोरच्या मानकऱ्याच्या कानाशी वाकला तो वाकलाच. म्हातारा खांदे उडवत हसू दाबत होता, पण धक्क्याला लगेच हो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढ्याशा निरोपाला इतका वेळ?"

"कोरडा होता रे," सादांग म्हणाला, "थोडं कालवण घातलं."